पिक्चरमधली ती बाई

माय, मला तुझ्याशी त्या पिक्चरमधल्या बाईवरून पुन्हा भांडायचं आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण हे भांडण दुसऱ्या कुणाशी करता येत नाही.

आपल्या धुळ्याच्या गल्लीत भाड्याने व्हिडिओ आणला होता, आठवतं? लढाईचा जुना पिक्चर. नवरा लढाईत बेपत्ता होतो, बायको वाट बघते आणि शेवटी इस्पितळातल्या डॉक्टरशी लग्न करते. मग नवरा जखमी होऊन तिथेच येतो. ती त्याला जपून बरा करते, आणि तो बरा झाल्यावर डॉक्टरकडेच राहते. दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याकडे वाळवणाचे बिबडे होते. गल्लीतल्या बायका अंगणात, ज्वारीचा घाटा चुलीवरून उतरलेला, ओली धोतरं खाटांवर पसरलेली, आणि हात कुणाचाच चालत नाही, तोंडंच चालताहेत. समोरची अक्का म्हणते, "बेइमान निंघनी बाई. धनी जित्ता शे ना तिना?" दुसरी म्हणते, सेवा केली ती मायेने नाही, मन खात होतं म्हणून. तू पळी आपटलीस. "बेइमान नही शे ती. वाट दखी दखी थकी गयी व्हती." मग काय, बठ्ठ्या तुझ्यावर तुटून पडल्या. त्या गोंधळात घाटा गार झाला आणि थापताना एकेक बिबडा फाटू लागला. अक्काने त्याचंही पाप त्या बाईच्याच माथी मारलं. तू हसत होतीस. नंतर हात धुताना मी हळूच विचारलं, तिच्या जागी तू असतीस तर? "मी? मी ते वाट दखसू," म्हणालीस आणि पदराला हात पुसत आत गेलीस.

तुझं कोणतं बोलणं खरं धरू, माय? मला रावेरला दिलंस तेव्हा जावई केळीचा ट्रक चालवतो याचं तुला केवढं कौतुक! तू गेलीस, आणि पुढे एकदा हे केळी घेऊन दिल्लीकडे गेले ते परत आलेच नाहीत. ट्रक रस्त्याकडेला सापडला, हे नाहीत. पोलीस झाले, नवस झाले, देवऋषी झाले. सासूबाई अजून यांचं ताट वाढतात आणि मी ते रोज उचलते. आता चोपड्याचे एक मास्तर आहेत, बायको वारलेली, भला माणूस. रविवारी ते लग्नाचं उत्तर मागायला येणार आहेत. हो म्हटलं तर सासूबाईंचा जीव जाईल, नाही म्हटलं तर माझा. त्या परक्या बाईला तू चटकन सोडवलंस आणि मला मात्र अडकवून गेलीस. का गं?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? तरी लिहिते, कारण हे सांगायला दुसरं कुणी नाही. काल जळगावच्या स्टँडवर एक माणूस पाठमोरा उभा होता. यांचेच खांदे, तशीच मान. मी हाक मारली नाही. तो वळेपर्यंत खांबाआड उभी राहिले. दुसराच कुणीतरी होता. माय, मला हायसं वाटलं.