बाबांच्या खोगिराचा तंग

भाद्रपद व. ४, लष्कर

यशवंतनं आज बाबांचं खोगीर माळ्यावरून काढून माझ्यापुढे टाकलं. "दादा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मुरारला नेजाबाजी. बाबांच्या खोगिरावरच बसणार. पोटाखालून आवळायचा तंग सडलाय पार. नवा तुम्ही करा."

धाकटा भाऊ, रिसाल्यात स्वार. दिवसभर दफ्तरात कागद खरडून मी संध्याकाळी आरी-सुया घेऊन बसतो, त्याला आजवर "दादांची मोचीगिरी" म्हणून हसत आला. आज माझी गरज पडली! आनंदानं जेवण गेलं नाही.

भा. व. ५

किला गेटला खोगीर शिवणाऱ्या करीम उस्तादांकडे. पाठीचं चामडं निवडून दिलं, पोटाकडचं ताणतं म्हणाले. भिजवून शिवायचं. दोन सुया, एकाच भोकातून समोरासमोर. दोरा ओढताना दोन्ही हातांचा जोर सारखा. माझा उजवा नेहमी पुढे पळतो.

शेवटी दम भरला, "बाबूजी, छाँव में सुखाना। चार दिन लगें तो चार दिन। आँच दिखाई तो जल गया समझो, ऊपर से कुछ दिखेगा भी नहीं।" मग कळायचं कसं? त्यांनी एक जळका तुकडा माझ्या कानाशी धरून वाकवला. बारीक कुरकुरला.

भा. व. ७

टाके झाले. इतके सरळ माझ्या हातून कधी पडले नव्हते. मागच्या ओसरीवर सावलीत टांगला. पाणी अजून निथळतंय.

दुपारी आईनं पाहिला. "उद्या तुझ्या बाबांचं श्राद्ध. पाटावर ब्राह्मण बसायचे आणि घरात कातडं लोंबतंय? आजच्या आज बाहेर काढ." बाहेर कुठे? अंगणात कुत्री, आणि ओला गुंडाळला तर घड्या पडणार.

न्हाणीघराच्या चुलीत निखारे होते. अर्धा तास वर धरला. सुकला. गोणपाटात बांधून दफ्तरातल्या माझ्या पेटीत ठेवून आलो. अर्धाच तास.

भा. व. ९

काल श्राद्ध नीट झालं. आज पेटी उघडून तंग वाकवला. कुरकुरला.

पुन्हा वाकवला. आवाज बकलापासून चार बोटांवर.

भा. व. १२

एरंडेल चोळतोय, रोज दोनदा. मऊ झाला, काळाभोर दिसतो. आता आवाज येत नाही. तेलानं आवाज गेला की दोष गेला? उस्तादांना विचारायला जात नाही. काय म्हणतील ते मला ठाऊक आहे.

आश्विन शु. १

घट बसले. यशवंत आला, तंग खोगिराला लावून पाहिला, टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिला. खोगीर रिसालदारांना दाखवून आणलं. ते म्हणाले म्हणे, असं काम कानपूरहून येतं. मला म्हणाला, "दादा, मी उगाच हसायचो. चूकच माझी." चाळीस वर्षांत घरात कुणी माझ्या हातच्या वस्तूला असं म्हटलं नव्हतं.

तेव्हाच सांगायचं होतं. तोंड उघडलं आणि म्हणालो, घाम लागला की पुसत जा.

आ. शु. ५

आज हिनं हटकलं. निखाऱ्यांवर धरताना हिनं पाहिलं होतं. "भावजींना सांगून टाका नं. काय विचार करून राहिलात?" मी खेकसलो, तुला चामड्यातलं काय कळतं. संध्याकाळचं ताट तिनं नुसतं सरकवलं.

नेजाबाजी म्हणजे भरधाव घोडा, भाल्याच्या टोकानं जमिनीतली मेख उचलायची. स्वार अख्खा एका अंगाला झुकतो. सगळा भार त्या चार बोटांवर. दफ्तरात बेरजा चुकतायत.

आ. शु. ८

लाज गिळून उस्तादांकडे गेलो. सगळं सांगितलं. रागावले नाहीत, त्यानं जास्तच भ्यालो. आतून स्वतःच्या हातचा एक जुना तंग आणला. "ये बाँध दीजिए। और वो वाला काट डालिए, बाबूजी। रखिएगा भी मत।" उद्या सकाळीच बदलतो. कुणाला कळायचंही नाही.

खंडेनवमी

उठेपर्यंत आईची पूजा झालेली. बाबांची तलवार, यशवंतचा भाला आणि मध्ये खोगीर. तंगाला हळद-कुंकू, बकलात झेंडूचं फूल. पंधरवड्यापूर्वी याच कातड्याला घरात जागा नव्हती!

हात पुढे केला तर आई ओरडली, "पूजेतलं हत्यार दसऱ्याच्या मुहूर्ताआधी हलवायचं नसतं, वेड लागलंय का तुला? स्वारी करायचीय पोराला." का हलवायचंय, एवढंच सांगितलं असतं तर तिनंच विळी आणून दिली असती. नाही सांगितलं. दिवसभर त्या फुलाकडे पाहत बसलो.

दसरा

मुहूर्ताला यशवंत स्वतःच आला. खोगीर खांद्यावर टाकलं, आपट्याची पानं माझ्या हातात दिली, पाया पडला. सोबत रिसाल्यातले दोघे. त्यांना म्हणाला, "देखो, हमारे दादा के हाथ का काम है." दोघांनी वाकून पाहिलं. मी हसलो. हसलो मी!

तो गेल्यावर ही देवापुढे बसली ती उठेचना.

एकादशी, मुरार

पेन्सिलीनं लिहितोय, टांग्यात बसून. हाताला काहीतरी हवं.

उस्तादांचा तंग घेऊन सकाळीच निघालो होतो. टांग्याचं चाक वाटेत निखळलं, ते बसवून पोहोचेतो मैदानाला दोर लागलेले. पहारेकरी आत सोडेना. स्वार पलीकडच्या टोकाला उभे, सातवा यशवंत. त्याचा घोडा सांभाळणारा साईस ओळखीचा, दोरापाशी भेटला. तंग त्याच्याकडे दिला. सांग म्हटलं, दादा ने भेजा है, ये बाँध लो, ये ज़्यादा अच्छा है.

एवढंच म्हणालो. जळकाय हा शब्द साईसापुढेसुद्धा निघाला नाही. आजूबाजूला लोक होते.

तिसरा स्वार गेला. चौथा.

साईस पोहोचला. यशवंत खाली वाकून ऐकतोय. आता माझ्याकडे पाहून हसतोय, भाला वर केला.

पाचवा गेला. साईस परत येतोय, तंग त्याच्या हातातच आहे. लांबूनच सांगतोय, "बोले, दादा का बनाया हुआ ही कसेंगे. इससे अच्छा कौन सा होगा?"

सहावा सुटला. माझ्या भावाचं नाव पुकारलं. वही ठेवतो, दोराखालून आत शिरतो आणि चारचौघांत ओरडतो की तंग जळका आहे, मीच जाळलाय.