एकटीनं

१४ नोव्हें.
हर्नियाचे टाके ओढतात. अजून दवाखान्यातच. शितल येते, पण लेकीसारखी बसत नाही; नाडी बघते नि जाते. भुलीची डॉक्टर व्हायचं तिचं शेवटचं वर्ष इथंच चालू आहे. ऑपरेशनच्या वेळी माझ्या कंबरेत सुई तिनंच दिली. खालचं अंग बधिर, वरून मी जागा. "घाबरू नका जी, बाबा." घाबरलोच.

१५ नोव्हें.
उद्या दिल्लीची टीम. शिकणाऱ्या डॉक्टरांना इथं नीट शिकवतात का ते पाहून दवाखान्याची मान्यता ठेवणार की काढणार. गेली तर या पोरांना कुठं पाठवतील, कोणालाच माहीत नाही. शितलला जेवण गेलं नाही. मलाही.

१६ नोव्हें.
टीमचा साहेब खाटेपाशी आला. मराठी बोलणारा.
"काका, भूल कोणी दिली?"
"माह्या पोरीनं. एकटीनं!"
आपल्याकडे कौतुकानं असंच म्हणतात. एकटीनं सारी धानाची बांधी रोवली, तसं.
"मोठे सर जवळ नव्हते?"
"कायले पाहिजे सर? तिले सारं येते."
साहेबानं लिहून घेतलं. शितल भिंतीशी उभी होती. तिचा चेहरा पार उतरला.

१७ नोव्हें.
सुट्टी झाली. शितल गाडीपर्यंत आली नाही. नर्सबाईनं सांगितलं, शिकाऊ डॉक्टरजवळ मोठ्या डॉक्टरला उभंच राहावं लागतं, तसा नियम. काल सकाळी, साहेब माझ्या खाटेपाशी यायच्या आधीच, शितल टीमला सांगून बसली होती की सर जवळच होते. माझ्या एका शब्दानं पोर खोटी पडली.

२० नोव्हें.
घरी. झोप नाही. शेजारचा मारोती म्हणतो, "आता इचारलं तं सांग, भुलीत होतो, याद नाही. भूल म्हणजे भूल!" स्वतःच हसला. शितलची माय असती तर साहेबासमोरच माझा हात दाबला असता.

२३ नोव्हें.
शितलचा फोन.
"चुकलो बाई मी."
"तुम्ही खोटं नाही बोलले, बाबा. मी बोलली."
सरांनीच तसं सांगायला लावलं होतं. वर्षभर असंच चालू आहे, सर येत नाहीत, पोर एकटीच भूल देते. मागं एक बाई टेबलावर थंड पडत चालली होती, शितल सरांना बोलावून बोलावून थकली. बाई वाचली.
एवढी मोठी डॉक्टर, आणि रडून राहिली होती.

२५ नोव्हें.
टीमचा साहेब उद्या फोन करणार, मी बोललेलं पक्कं करायला. इकडे मोठ्या सरांचा माणूस घरी येऊन गेला. "सर जवळ होते, एवढंच म्हणा काका. पोरीचंच भलं आहे."
शितलला विचारलं. "मले नका इचारू, बाबा."
दोन्ही बोलणी मोठ्यानं म्हणून पाहिली. सर जवळ होते, हे पटकन तोंडातून निघतं. दुसऱ्यात, सर नव्हते, एकटीनं दिली म्हणताना, पोरीचं नाव घ्यावं लागतं, तिथं येऊन जीभ अडते.