सोसत नाही

मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
१४ डिसेंबर २०२५

प्रिय संघपाल,

सप्रेम जय भीम. आम्ही इकडे बरे आहोत. आईचा गुडघा थंडीनं कुरकुरतो, पण जीभ ठणठणीत आहे. श्रेयाची यंदा दहावी, त्यामुळे 'मामाला फोन लाव' म्हणून ती रोज माझ्यामागे लागते. अभ्यास टाळायला तिला निमित्तच हवं असतं. मामा आता माझाही फोन उचलत नाही, हे मी तिला सांगितलेलं नाही.

म्हणून कागदावर लिहितेय. फोन कापता येतो, पाकीट निदान उघडून बघशील. चाकणला जेवणाची आबाळ होत असेल तर कळव. भांडणाचा आणि जेवणाचा संबंध नसतो.

आता कामाचं. आमच्या गारखेड्याच्या दवाखान्यात एक नवी तपासणी सुरू झालीय. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवायची, सुई नाही काही नाही. एखादं औषध आपलं शरीर किती वेगानं पचवून संपवतं, ते त्यावरून कळतं. काहींचं शरीर जन्मापासूनच त्यात सावकाश असतं. नेहमीच्या मापाची गोळी त्यांच्या अंगात साठत जाते आणि बरं वाटायच्या ऐवजी त्रासच होतो. रिपोर्ट इंग्रजीत येतो. तो वाचून डॉक्टरांना डोस सुचवायचा आणि पेशंटला त्याच्या भाषेत समजावायचा, हे काम माझ्याकडे आलंय. इतकी वर्षं खिडकीतून गोळ्या दिल्या, आता खुर्चीवर बसून माणसांशी बोलते. बढती म्हण हवं तर, पगार तोच आहे.

सुरुवातीच्या पेशंटमध्ये एक बाई होती. चाळिशीची, नोकरीवाली, सगळ्या घराचा टेकू. मन खचलं होतं तिचं. तुझं मन खचलं तेव्हा तुला दिली होती, तीच गोळी डॉक्टरांनी तिला दिली. मग सकाळी उठताना भिंत धरावी लागायची, हात थरथरायचे, डब्याचं झाकण लागायचं नाही. तिला वाटलं आपणच कच्चे. रिपोर्टमध्ये निघालं की त्या गोळीच्या बाबतीत तिचं शरीर फारच सावकाश आहे. डॉक्टरांनी दुसरी गोळी दिली, तीही कमी मापानं. आता तिचा डबा वेळेवर भरला जातो. परवा तर शेजारणीशी नळाच्या पाण्यावरून भांडली. भांडायलाही अंगात जीव लागतो.

हा रिपोर्ट मराठीत कसा लिहायचा, तिथं मी अडले. पुस्तकी शब्द वाचून माणूस उगाच घाबरतो. शेवटी घरातलाच शब्द लिहिला: 'ही गोळी सोसत नाही.'

आणि पेन तिथंच थांबलं. तूही अगदी हेच म्हणाला होतास, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून. "मला ह्या गोळ्या सोसत नायत." दूध सोसत नाही, वांगं सोसत नाही म्हणतो, तसंच. आईनं मात्र भलतंच ऐकलं. "आमी काय कमी सोसलं का? अन् तुला एवढीशी गोळी सोसंना व्हय?" एका शब्दावरून घर पेटलं. तू गोळ्या खिडकीबाहेर फेकल्यास, पिशवी भरलीस आणि गेलास. औषध सुटलं ते सुटलंच. शेवटच्या फोनवर म्हणालास, "ताई, माझं आता काय खरं नाय." तेव्हापासून मला धड झोप नाही, संघपाल. तुला काही होईल याची भीती वाटते.

आणि ती बाई. इतका वेळ 'ती ती' करतेय, पण ती मीच आहे रे. माझाच रिपोर्ट मीच मला समजावून सांगितला. वर्षभर कुणाला कळू दिलं नाही. गोळ्या देणारीलाच ही गोळी लागते म्हटल्यावर लोक काय म्हणतील, आई काय म्हणेल, याच धास्तीत राहिले.

परवा आईला सगळं सांगितलं. मग म्हणाली, "मंजी त्याचं अंगच नाय म्हणत व्हतं. अन् मी पोराला भित्रा म्हनले." थोड्या वेळानं म्हणाली, "त्याला लिव्ह, आता नको सोसू म्हणावं. लई झालं."

तुझंही माझ्यासारखंच असेल, असं छातीठोक सांगता येत नाही. सख्ख्या भावंडांतही वेगळं निघतं. पण शक्यता बरीच आहे, आणि काडी फिरवल्यावर ते कळेल. निघालं तर त्याप्रमाणे औषध बदलता येईल. नाही निघालं तर डॉक्टर दुसरं कारण शोधतील. तोवर स्वतःच्या मनानं गोळ्या आणून सुरू करू नकोस, मी फार्मासिस्ट म्हणून बजावतेय.

येत्या शनिवारी पुंडलिकनगरच्या मनाच्या डॉक्टरांकडे माझी वेळ आहे. तुझंही नाव देऊन ठेवलंय, रागव हवं तर. आजवर मी तिथं तोंडाला ओढणी बांधून एकटीच बसत आले. ओळखीचं कुणी दिसलं की कामानिमित्त आलेय म्हणायचे. या वेळी ओढणी बांधणार नाही. शेजारी तू बसलेला असशील आणि कुणी विचारलंच, तर सांगेन की आम्ही दोघं बहीणभाऊ औषध घ्यायला आलोय.

ये रे.

तुझी, अगदी तुझ्यासारखीच,
रत्नाताई