बुटांवरून ओळख

१२ जानेवारी

आज तीनदा चेंडू हरवला! स्क्रीनवर होता, मग नव्हता. "काय सुरेख खेळ चाललाय" म्हणून वेळ मारून नेली. तेवढ्यात हेडफोनमध्ये सत्यम – तो नांदेडच्या घरून, मी लातूरच्या, अशी आमची फुटबॉल कॉमेंट्रीची जोडी – ओरडला, "रविदादा, कॉर्नर झाला की!" सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं.

लॉकडाऊनमध्ये अप्पांच्या आडतीवरच्या खोलीत भिंतींना आव्वाच्या वाकळा ठोकून मी स्टुडिओ केला, तेव्हा आख्खा बाजार हसला होता. आता तेच लोक मॅच लावून बसतात.

१५ जानेवारी

नांदेडला जाऊन डोळे दाखवले. लातुरात दाखवले असते तर बाजारात सकाळचा सौदा निघायच्या आधी अप्पांना बातमी!

डॉक्टर म्हणाले, कडांनी दिसणं कमी होत चाललंय. हळूहळू मधलंही जाईल. औषध नाही. मग विचारलं, "आईवडील नात्यातले?" म्हटलं, आव्वा म्हणजे अप्पांच्या सख्ख्या बहिणीची मुलगी. "आणि तुमची बायको?" उज्वला, मामाची मुलगी. आमच्यात असंच करतात, घरातल्या घरात. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, मुलीलाही घेऊन या.

अंजूला कशाला? नऊ वर्षांची ठणठणीत पोर आहे.

१६ जानेवारी

उज्वलाला सांगितलं नाही.

२१ जानेवारी

युक्ती सापडली! मला चेंडू आणि भोवतीचे पाय एवढंच दिसतं ना – मग बुटांवरूनच ओळखायचं! दोन्ही संघांच्या बुटांचे रंग पाठ केले. नऊ नंबर केशरी, सात नंबर पोपटी, असं सगळं. आज एकही चूक नाही. जेवताना अप्पा म्हणाले, "आज लई चांगलं बोललास रे." त्यांना ऑफसाइड अजून कळत नाही.

मुंबईहून प्रोड्यूसर बाईंचा फोन. सेमीफायनल नीट झाली तर फायनल मला, आणि पुढच्या तीन वर्षांचा करार.

१ फेब्रुवारी

मेलो! सेमीफायनल, अठ्ठ्याऐंशीवं मिनिट, केशरी बूट, गोल! मी नऊ नंबरच्या नावाने घसा फोडला. त्याच्या आईचे कष्टसुद्धा सांगून झाले. आणि तो बाकावर बसलेला! आठ मिनिटांपूर्वीच बाहेर गेला होता. त्याच संघातल्या सात नंबरचा बूट फाटला, म्हणून त्याने नऊ नंबरचे केशरी चढवले. गोल त्याचा.

बदलाची पाटी स्क्रीनच्या कोपऱ्यात आली असणार. मला कोपराच दिसत नाही.

२ फेब्रुवारी

क्लिप सगळीकडे फिरतेय. औशाच्या साडूनेही पाठवली, खाली हसरी तोंडं. प्रोड्यूसर बाईंना म्हटलं, नेट अडकलं होतं. सत्यमनेही ठोकून दिलं – "हाव मॅडम, माझंबी अडकलं होतं." नंतर मला फोन. "दादा, खरं काय हाय ते सांग." मी फोन ठेवला.

मला दुसरं येतं काय? खाली अप्पांच्या गादीवर बसून तुरीचा दाणा पारखायचा म्हटला तरी डोळेच लागतात! भीती वाटते. फार भीती वाटते.

५ फेब्रुवारी

सत्यमला सगळं सांगितलं. फोनवर ढसाढसा रडलो. तो म्हणाला, "पाट्या मी वाचतो. तू बोल."

७ फेब्रुवारी

फायनल मिळाली!! सत्यमने बाईंना सांगितलं म्हणे, रविदादा न्हाई तर मीबी न्हाई. करार सही करून पाठवला. तीन वर्षं! तोवर डोळे टिकले म्हणजे झालं. उज्वलाने शिरा केला. कशातून सुटलो ते तिला माहीत नाही.

८ फेब्रुवारी

अंजू गल्लीतून खेळून आली, तोंड पाडून. पोरी तिला संघात घेत नाहीत. म्हटलं, बाळा, चेंडूवरची नजर हलू द्यायची नाही. तर म्हणाली, "पण पप्पा, तो मधीच गायब होतो तवा काय करायचं?"

गायब म्हणजे?

"तसंच की. होता होता दिसंना होतो. सगळ्यांनाच होतं ना तसं?"