दोन पंचांगांचा नाताळ

२६ नोव्हेंबर, रविवार

उणे अठ्ठावीस. रात्री गाडीला इंजिन गरम ठेवायची वायर लावायची राहिली — सकाळी गाडीची अहल्या! उद्धाराला कोणी फिरकलं नाही, म्हणून चर्चला चालत गेलो. सासूबाई पुढे, काठी टेकत, वय वर्षे ब्याऐंशी, मागे माझी बायको ओरिस्या, सर्वांत मागे मी, पापण्यांवर बर्फ घेऊन.

टार्नोला येऊन तीन महिने होतील. ओरिस्याला माहेरच्या गावातल्या इस्पितळात नर्सची जागा मिळाली, टोरोंटोच्या विमा कंपनीनं मला वेळेआधी नारळ दिला, आणि सासूबाई जिन्यावरून पडल्या — अशा त्रिवेणी योगावर मी सत्तावन्नाव्या वर्षी घरजावई झालो. शंकर सासुरवाडीला हिमालयात राहतो, विष्णू समुद्रात. मी सस्कॅचवानात राहिलो तर कुठं बिघडलं? हवामान तरी शंकराचंच आहे.

चर्चमध्ये सासूबाई उजवीकडे बसल्या, नास्त्या डावीकडे. उभा जन्म एका बाकावर बसलेल्या बायका या! नास्त्या समोरच्याच घरात राहते. ओरिस्याची धर्ममाता, म्हणजे सासूबाईंची कुमा — नात्यानं विहिणीसारखी, भांडायला बहिणीसारखी. ऑक्टोबरातल्या सभेपासून दोघींत अबोला आहे. सभेत ठरलं, की यंदापासून नाताळ पंचवीस डिसेंबरला. आजवर तो जुन्या पंचांगानं सात जानेवारीला असे. तिकडे युक्रेननं, म्हणजे यांच्या पूर्वजांच्या देशानं, तारीख बदलली, म्हणून इथंही. नास्त्यानं हात वर केला. सासूबाईंनी केला नाही. एवढंच झालं.

स्मार्त आणि भागवत एकादशीवरून मिरजेत एका घरात दोन चुली पेटलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यामुळे मला इथं फार परकं वाटत नाही.

२८ नोव्हेंबर

सासूबाईंचा नाताळाआधीचा उपवास आज सुरू. नास्त्याचा तेरा दिवस आधीच सुरू झाला होता. ते तेरा दिवस सासूबाई खिडकीत बसून सॉसेज खात होत्या — पडदा उघडा ठेवून.

३ डिसेंबर, रविवार

पाप घडलं.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळच्या जेवणात बारा पदार्थ लागतात, सगळे उपवासाचे. त्यातल्या वारेनिकी, म्हणजे बटाट्याचं सारण भरून उकडलेल्या करंज्या, आधी करून बाहेरच्या पडवीत गोठवून ठेवायच्या. (पडवी हाच इथला फ्रीझर.) सासूबाईंच्या हातात आता जोर नाही, म्हणून कणीक मी मळली. दुपारभर करंज्या भरल्या. चार परातींत मांडल्या. सासूबाईंनी एक उकडून चाखली आणि चमचा खाली ठेवला.

कणकेत काय घातलंस, त्यांनी विचारलं. मी अभिमानानं सांगितलं: लोणी. मऊ होते.

"लोणी," सासूबाई म्हणाल्या. "उपवासाला. ओरिस्या, तुझ्या नवऱ्याच्या धर्मात उपवास असतो ना गं?"

"असतो, ममा. ते तुपात खिचडी करतात."

"मग जेवतात तेव्हा काय करतात?"

उपवासाला दूध नाही, लोणी नाही, अंडं नाही! साबुदाण्यावर वाढलेल्या माणसाला हे कोण सांगणार? चारही पराती लुथरन चर्चच्या पाद्रीणबाईंकडे पोचवल्या. त्यांना उपवास नाही. त्यांनी मला मिठी मारली. घरी हे सांगितलं नाही.

९ डिसेंबर, शनिवार

अबोल्याची खरी अडचण धार्मिक नसून भांड्यांची आहे. खसखस घोटायची मोठी मातीची कुंडी नास्त्याकडे. करंज्या लाटायचा फळा आमच्याकडे. इतकी वर्षं दोघी मिळून एकाच टेबलावर बारा पदार्थ रांधत आल्या, त्यामुळे कुणाकडेही संसार पुरता नाही.

मला शिष्टाईला पाठवलं. निरोप असा: "तुझ्या त्या नास्त्याला सांग, कुंडी दोघींची आहे." माझी नास्त्या!

नास्त्यानं मला बसवलं, चहा दिला, वर लोणचं घातलेल्या काकड्या. स्वयंपाकघरात भिंतीवर तिच्या भावाच्या मुलाचा फोटो — रोमान. तेर्नोपिलजवळच्या खेड्यात वायरमन आहे. तरुणपणी दोन उन्हाळे इथं येऊन राहिला होता, तिच्या शेतावर राबला, सगळ्या गावाला आठवतो. नास्त्याला मूलबाळ नाही. जे आहे ते हेच. आता तिकडे बॉम्ब पडून तारा तुटल्या की तो जोडतो, पुन्हा तुटल्या की पुन्हा जोडतो.

सासूबाईंच्या बाजूनं जेवढं बोलता येईल तेवढं मी बोललो. ती ऐकत होती. मग म्हणाली, "ते तिकडे अंधारात जेवायला बसणार. आणि मी इथं तेरा दिवसांनी दिवे लावून बसू? एकट्याला जेवू देऊ त्याला?"

मी म्हटलं, पण पारास्का (सासूबाईंचं नाव) म्हणतात, मेलेल्यांचं काय?

"मेलेले थांबतील रे," नास्त्या म्हणाली. "त्यांना दुसरीकडे कुठं जायचंय?"

कुंडी मिळाली. फळा उद्या पोचवायचा. निरोपही आहे, पण तो लिहिण्यासारखा नाही.

१० डिसेंबर, रविवार

फळा पोचवला. नास्त्याचं म्हणणं जरा मवाळ करून सासूबाईंच्या कानावर घातलं. संस्कृत शिकलेल्या माणसाला (त्यावरूनच या दोघी मला प्रोफेसर म्हणतात) अर्थ बदलून अन्वय लावायची सवय असते. सासूबाईंनी माझा अन्वय मोडीत काढला.

खसखस निवडता निवडता त्या बोलत होत्या, आवाज न चढवता. त्या संध्याकाळी घरातले मेलेले टेबलाशी येतात. त्यांचं पान मांडायचं, खुर्चीवर बसण्याआधी फुंकर घालायची — कुणी आधीच बसलेलं असलं तर दबू नये. स्टेपानला, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, जाऊन अकरा वर्षं झाली. चर्चमागे बर्फाखाली आहेत. दर सहा जानेवारीला येतात.

"जिवंत माणसाला फोन करता येतो. स्टेपानला कोण कळवणार? तो सहा तारखेला येणार, दारात उभा राहणार, आणि घरात अंधार. या प्रांतात उन्हाळ्या-हिवाळ्याला घड्याळसुद्धा कुणी हलवत नाही, प्रोफेसर. आणि तुम्ही देवाचा वाढदिवस हलवता."

मी हलवला नव्हता. घरजावयानं सामुदायिक पापाचा वाटा बिनतक्रार उचलायचा असतो.

१४ डिसेंबर

उणे पस्तीस. कुत्रीसुद्धा आळीपाळीनं एकेक पाय वर धरून चालतात.

१७ डिसेंबर, रविवार

आज सासूबाईंनी विचारलं, तुमचे मेलेले कधी येतात?

सांगितलं — पावसाळा सरता सरता, एक अख्खा पंधरवडा. ज्याची जी तिथी, त्या दिवशी तो.

"आणि तिथी ठाऊक नसली? किंवा चुकली?"

म्हटलं, शेवटी एक अमावास्या असते. ती सगळ्यांची. ज्यांना कुणी विसरलं, ज्यांचा दिवस हुकला, ते सगळे त्या दिवशी जेवतात.

त्यांनी बराच वेळ कुंडीत मुसळी फिरवली. खसखशीचा वास घरभर. मला मिरजेची हुग्गी, गव्हाची खीर, आठवली: तोच गहू, तीच खसखस. फक्त गुळाऐवजी मध घातला की यांची कुत्या झाली, बारांतला पहिला पदार्थ.

"शहाणे लोक," सासूबाई म्हणाल्या. मग थोड्या वेळानं: "नास्त्याला सांगितलंस हे?"

नाही म्हटलं.

"नको सांगूस. लगेच म्हणेल, बघ, तारीख हलवता येते."

कावळ्याचं मी मुळातच सांगितलं नव्हतं. इथले कावळे हिवाळ्यात दक्षिणेला जातात. पितरांची फारच पंचाईत.

२३ डिसेंबर, शनिवार

नास्त्याची उद्याची तयारी झाली. पण नवीनच भानगड निघाली — तिला रोमानबरोबर जेवायचंय, एकाच वेळी, फोन समोर ठेवून. पहिली चांदणी दिसली की मगच जेवायला बसायचं, आणि तिकडे ती दिसेल तेव्हा इथं सकाळ! तारीख जुळवली, पण सूर्य जुळेना. ओरिस्या म्हणाली, नास्त्या-मावशी, मग संध्याकाळचं जेवण सकाळी करायचं का? नास्त्या म्हणाली, करायचं. एवढे तेरा दिवस सरकले, अर्धा दिवस आणखी.

आम्हां दोघांना बोलावणं आहे. सासूबाईंना नाही. त्यांनीही मागितलं नाही.

२४ डिसेंबर, रविवार

सकाळी आठाच्या पुढे नास्त्याकडे. बाहेर अजून अंधार. टेबलक्लॉथखाली येशूच्या गोठ्याची आठवण म्हणून गवत, मध्ये मेणबत्ती, बारा पदार्थ. निघताना सासूबाईंनी माझ्या हातात मशरूमच्या रश्शाचं भांडं कोंबलं. तिच्याकडचे मशरूम चांगले नसतात, म्हणाल्या; आणि सांग, ओरिस्यानं केलंय.

रोमान लागला. डोळ्यांवर प्रकाश आला. कपाळावर दिवा बांधलेला, कामावरून नुकताच आलेला. मागे काळोख, त्यात दोन-तीन चेहरे. गावात लाईट नाही म्हणाला. स्वतःच्या घरची लाईन सगळ्यांत शेवटी — लोक काय म्हणतील? माझ्याकडे बघून विचारलं, हाच का तो, लोणीवाला? म्हणजे कीर्ती तेर्नोपिलपर्यंत पोचली आहे.

त्यांना चांदणी दिसली. नास्त्या उठून खिडकीशी गेली. आमच्याही आभाळात धान्याच्या कोठाराच्या वर एक टपोरी चांदणी होती. "बघ, इथंही आहे," ती म्हणाली. पहाटेचा शुक्र तो. ग्रह! मी तोंड उघडणार होतो, ओरिस्यानं माझा पाय दाबला.

तिकडे त्यानं कुत्याचा पहिला घास घेतला, इकडे तिनं. दोघं एकमेकांकडे बघत चावत होती. नास्त्यानं विचारलं, स्वेटर घातलास का. तो म्हणाला, दोन.

फोन बंद झाल्यावर तिनं मशरूमचा रस्सा चाखला. चमचा तसाच तोंडात. मग म्हणाली, "हे ओरिस्याचं नाही." आणि पुन्हा वाढून घेतलं.

परत येताना बघितलं. आमच्या खिडकीचा पडदा हलला.

२५ डिसेंबर, सोमवार

नास्त्याचा नाताळ. सासूबाईंनी मुद्दाम धुणं काढलं, तेही बाहेर दोरीवर. चादरी पत्र्यासारख्या वाजत होत्या.

२९ डिसेंबर, शुक्रवार

तिकडे आज फार बॉम्ब पडले, बातम्यांत होतं. नास्त्याला विचारलं. रोमान सुखरूप, म्हणाली, कामाला जुंपलाय. संध्याकाळी सासूबाईंनीही विचारलं — मला, भिंतीकडे बघत. "तो नास्त्याचा वायरमन?" मी सांगितलं. बरं, म्हणाल्या.

४ जानेवारी, गुरुवार

दोन दिवस रोमानचा फोन लागत नाही. रेंज नसेल, नास्त्या म्हणते. खांबावर असला की उचलत नाही. बोलताना फोन हातातून खाली ठेवत नव्हती.

सासूबाईंना सांगितलं. त्यांनी मला तडक परत पाठवलं: "तिला सांग, सहा तारखेला ये. म्हणावं, जुना नाताळ नको मानूस, नुसती जेवायला ये."

नास्त्या नाही म्हणाली. माझा झाला, प्रोफेसर. दोनदा नाताळ करणारी बाई लोभी दिसते.

६ जानेवारी, शनिवार, दुपार

बारा पदार्थ तयार. कणीक मळताना सासूबाई शेजारी उभ्या होत्या, पोलिसासारख्या. स्टेपानचं पान खिडकीकडच्या बाजूला मांडलंय. गवत घातलं. खुर्च्यांवर फुंकर कशी घालायची ते मला दोनदा दाखवलं. म्हणाल्या, तू गरम दूध पितोस तशी नको.

आभाळ स्वच्छ आहे. चांदणी लवकर दिसेल.

७ जानेवारी, रविवार

काल आम्ही बसणार, तोच नास्त्या आली. न ठोठावता. डोक्यावरची शाल काढली नाही. रोमान मंगळवारीच गेला होता — तुटलेली लाईन जोडायला चढला, आणि त्याच जागी पुन्हा बॉम्ब पडला. तिला काल दुपारी कळलं.

दारातूनच म्हणाली, "पारास्का, तो आता तुझ्या तारखेचा झाला. त्याचं पान मांड."

सासूबाई उठल्या. काठी न घेता. ताट आणलं, चमचा आणला, स्टेपानच्या शेजारी ठेवला. मग विचारलं, "खुर्ची कुठली देऊ गं? उंच होता ना तो?"

"कुठलीही दे," नास्त्या म्हणाली. "जन्मभर खांबावर उभा राहिला. बसू दे त्याला."