न तपासलेले निबंध

प्रिय दादा,

फोनवर तू दोनदा विचारलंस, "काय गं, आवाज का असा?" दोन्ही वेळा मी सर्दीचं निमित्त सांगितलं. सर्दी नव्हती. आमच्या शिक्षकांच्या खोलीत हल्ली कोणी मोकळं बोलत नाही, आणि ती सवय घरीही आलीय. म्हणून कागदावर लिहिते आहे.

देशप्रेम आणि धर्म शिकवायला नवे सर आलेत, हे तुझ्या टिल्लीनं सांगितलंच असेल. आम्ही त्यांना मूल्यांचे सर म्हणतो. माणूस गोड. सुरुवातीला मीच मागच्या बाकावर बसून त्यांचे तास ऐकले. रांग मोडू नये, म्हाताऱ्यांना जागा द्यावी, देश म्हणजे आपलंच घर. यात नावं ठेवण्यासारखं काय होतं? तू म्हणशील, हिला सगळीकडे काळंबेरंच दिसतं. पण मुलांनी दिलेलं उत्तर बरोबर की चूक, हे सर कधी सांगतच नसत. नुसतं, "छान. आणि बाबा काय म्हणतात?"

मग त्यांनी वर्गातच निबंध लिहायला दिला, 'आमच्या घरातली प्रार्थना'. कोण करतं, कोण करत नाही, बातम्या बघताना मोठी माणसं काय बोलतात. माझ्या वर्गाचे छत्तीस कागद मीच गोळा करून दिले. आठवड्यानं तो गठ्ठा त्यांच्या टेबलावर दिसला आणि मला राहवलं नाही. दादा, बावीस वर्षं वह्या तपासतेय मी. एकाही कागदावर लाल खूण नव्हती. 'प्राथना' तशीच 'प्राथना'. पण काही नावांपुढे बारीक पेन्सिलीनं वडिलांच्या नोकरीधंद्याचं ठिकाण लिहिलं होतं.

मोठ्या बाईंना विचारलं, तर खिडकी लावून घेत म्हणाल्या, "तुम्ही आपलं गणित शिकवा ना." परवा कोपऱ्यावरच्या शिंप्याला शाळेत बोलावलं. दीड तासानं बाहेर आला तो माझ्याकडे न बघताच गेला. त्याची मुलगी कालपासून वर्गात नाही.

तुला कोणी बोलावलं नाही. का, ते सांगते. टिल्लीनं लिहिलं होतं, "बाबा प्रार्थना करत नाहीत. ते म्हणतात, देवाला आणि सरकारला, दोघांनाही प्रश्न विचारावेत." गठ्ठा सरांना देण्याआधीच मी ते वाचलं. डाव्या हातानं, पोरासारख्या अक्षरात मी दुसरा कागद लिहिला आणि तिचा फाडून टाकला. म्हणजे संशय मला तेव्हाच आला होता. फक्त स्वतःच्या भाचीपुरता. बाकीचे पस्तीस मी मुकाट्यानं देऊन आले.

सोमवारी वरून माणसं येणार आहेत. सगळे निबंध मुलांच्याच हातचे, अशी सही मला करायची आहे. मी करणार नाही. एक कागद खोटा आहे हे सांगणार, आणि उरलेले परत मागणार. मग तो कोणाचा, हे विचारतीलच. तुझं नाव निघेल, कदाचित नोकरीवरही येईल. ते तुला परक्याकडून कळू नये म्हणून हे पत्र. तू नको म्हणालास तरी मी सांगणार आहे, दादा. टिल्लीवर मात्र चिडू नकोस. लिहायला घेण्याआधी ती भर वर्गात 'बाई' म्हणायचं विसरून म्हणाली होती, "आत्या, सगळं खरं लिहू?" आणि मी हो म्हटलं होतं.

तुझीच,
धाकटी