आण्णांना घरी आणायचं

मंगळवार, संध्याकाळ, कडाव

चार दिवस वही उघडायची टाळली. लिहिलं की खरं होईल, असं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, "आता उपचार नकोत. वडिलांना घरी न्या, दुखणं तेवढं कमी ठेवू." सही मी करायची. आण्णांना मी फक्त "घरी जायचं" म्हटलं, तर ते खूश! "बरा झालो म्हंजे. शेतात भाताच्या रोपासाठी राब भाजून ठेव रं, पेरणीला मीच येतो." मी हो म्हणून मान हलवली. का हलवली? सहीचा कागद कोराच खिशात. सकाळी साजगावचा दादा फोनवर ओरडला, "बापाला मरायला घरी आणतोस? मी नाय येणार." मी कुठल्या कामावर महिनाभर टिकलेलो नाय. आण्णा कळवळले तर पळून जाईन का? सही अजून नाय.

दारात टेम्पो थांबला. दादा आलाय. मागं आण्णांसाठी गादी अंथरलेली हाय.